इंजिनाची जन्मतारीख

आमच्या गावात शंभर वर्षांपेक्षा तरुण अशी एकही जुनी वस्तू नाही. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं; कोंबडा आरवला म्हणून कळस तेवढा राहिला. वेशीवरचा पिंपळ दीडशे वर्षांचा, तोही बोलणारा घाईत असेल तर. निवांत असेल तर तीनशेचा. पाटलांच्या माडीवरचं घड्याळ व्हिक्टोरिया राणीच्या वेळचं. ग्रामपंचायतीतल्या टेबलाचा खण ओढला की आतून प्लायवूड दिसतं, पण तेही ‘इंग्रजांच्या काळातलं’. याउलट माणसं बघा. पंचावन्नच्या पुढे कुणी जायलाच तयार नाही. ज्याचा नातू दहावीला बसला आहे, तोही मिशीला कलप लावून ‘आता पन्नाशी आली बुवा’ म्हणतो. वस्तूंची वर्षं वाढवायची आणि तेवढीच स्वतःची कमी करायची, त्यामुळे सबंध गावाची बेरीज बहुधा बरोबर येत असावी.

हा हिशेब तपासायची पाळी माझ्यावर आली ती आमच्या विहिरीवरच्या ऑईल इंजिनामुळे.

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या मळ्यात विहिरीच्या काठावर एक दगडी खोली आहे. तिचं एक आढं खाली आलं आहे, दार बाजूच्या गोठ्याला बसवलं आहे, तरी तिचं नाव ‘इंजिनघर’च. आत आजोबांनी आणलेलं इंजिन. मोट सुटली ती या इंजिनामुळे. आणि वीज येऊन मोटर बसली तेव्हा इंजिन सुटलं. तेव्हापासून त्याच्या एका चाकावर वैरणीचा भारा असतो, दुसऱ्यावर गड्याचा सदरा वाळत असतो. अशा निवृत्तीच्या सुखात ते असताना एक दिवस एक गृहस्थ पुण्याहून आले. ते कृषी पर्यटन केंद्र काढत होते. शहरातल्या लोकांना बैलगाडीत बसवायचं, भाकरी खाऊ घालायची आणि जी अवजारं आम्ही अडगळ म्हणून फेकायला निघालो होतो ती रंगवून दाखवायची, असा तो धंदा. त्यांनी इंजिनाभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“वय काय याचं?”

“जुनं आहे.”

“जुनं ते दिसतंय हो. स्वातंत्र्याच्या आधीचं असेल तर भाव वेगळा, नंतरचं असेल तर वेगळा. सत्तरच्या पुढचं असेल तर मला नको, भंगारात घाला.”

भंगारवाला वजन विचारतो, वय विचारत नाही. भंगारवाल्याची थोरवी मला त्या दिवशी कळली.

इंजिन विकायला काढल्याची बातमी मळ्याचा बांध ओलांडून पलीकडे गेली आणि संध्याकाळी माझा चुलतभाऊ बापू आला. आमचे आजोबा आणि त्याचे आजोबा सख्खे भाऊ. त्यांची वाटणी १९५८ साली झाली. वाटणीपत्र असं बारकाईनं लिहिलेलं की तांब्याची घागर कुणाची, तिचं झाकण कुणाचं, आंब्याची पूर्वेकडची फांदी कुणी उतरवायची, सगळं त्यात आहे. इंजिन मात्र नाही.

“नाही, कारण तेव्हा ते आलंच नव्हतं,” मी म्हणालो.

“नाही, कारण ते सामाईक ठेवलं होतं. विहिरीसारखं,” बापू म्हणाला. “आठ आणे आमचे.”

आता माझी अडचण बघा. चांगली किंमत यावी म्हणून इंजिन १९४७च्या आधीचं हवं होतं आणि ती किंमत आमच्याच घरात राहावी म्हणून ते १९५८च्या नंतरचं हवं होतं. आमच्या हिनं यावर तोडगा काढला. “गिऱ्हाईक आलं की आधीचं सांगा, भाऊजी आले की नंतरचं.” हे काही दिवस सुरळीत चाललं. मग एकदा दोघंही एकाच वेळी येऊन ओटीवर बसले. त्या दिवशी इंजिनाच्या वयाचा विषय निघाला की मी चहाचा आग्रह करत होतो. दोघांच्याही पोटात इतका चहा गेला की शेवटी विषय त्यांनीच टाळला.

इंजिनाचं वय काढायचं म्हणजे खरं तर पोरखेळ आहे. इंग्लंडात अशी एका जागी बसून काम करणारी जुनी इंजिनं जपणारे हौशी लोक आहेत. ते इंजिनं ट्रेलरवर घालून मेळाव्याला नेतात, एका रांगेत मांडतात, चालू करतात आणि दिवसभर त्यांच्याकडे बघत खुर्च्या टाकून बसतात. इंजिन पाणी काढत नाही, दळण दळत नाही, नुसतं चालतं, आणि मालक धन्य होतो. तिथे इंजिनावरच्या पितळी पट्टीचा नंबर घ्यायचा, कारखान्याच्या जुन्या वह्यांशी ताडून पाहायचा, की ते कधी बाहेर पडलं ते समजतं. कमी उरलेल्या वयात करण्यासारखा हा सर्वांत निरुपद्रवी उद्योग आहे.

आमच्या इंजिनावर पट्टीच्या जागी चार भोकं आहेत.

पट्टीचं काय झालं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं. एका वर्षी गावात मोड घेणारा बोहारी आला. आजीनं घरातलं फुटकं पितळ काढलं, वजन थोडं कमी भरलं, तेव्हा ती मळ्यात जाऊन पट्टी उचकटून घेऊन आली. तिच्या मते इंजिन पट्टीशिवाय चालत होतं, म्हणजे पट्टी जादाच होती. त्या मोडीत एक नवी पळी आली. ती अजून देवघरात आहे. आमच्या इंजिनाचा जन्मदाखला रोज सकाळी तीर्थ वाढतो.

पट्टी नसल्यामुळे इंजिनाची जातकुळी काय, इथपासूनच वाद सुरू झाला. उभं एकच सिलिंडर, दोन बाजूंना आऱ्यांची दोन थोराड चाकं, तीनशे किलोंच्या वर वजन, आणि हँडल मारून चालू करायची सोय. ज्यांना कळतं ते लांबूनच म्हणाले, “लिस्टर.” लिस्टर कंपनी इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात डर्स्ली नावाच्या गावची, १८६७ साली निघालेली. तिनं १९२९-३०च्या सुमारास हे ‘सी. एस.’ इंजिन काढलं. सी. एस. म्हणजे कोल्ड स्टार्ट. इंजिन थंड असतानाच चालू होतं, एवढीच त्यात बढाई. पण ती बढाई लहान नव्हती. त्याआधीच्या पुष्कळ तेलइंजिनांचं डोकं आधी दिव्याच्या ज्योतीनं लालबुंद तापवावं लागे. हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट नावाच्या माणसानं १८९० साली तसल्या इंजिनाचं पेटंट घेतलं आणि ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्यानं ती बनवली. डोकं तापल्याशिवाय कामाला लागायचं नाही, ही पद्धत पुढे इंजिनांनी सोडली. आमच्या घराण्यात ती अजून चालू आहे.

लिस्टर ठरलं म्हणून सुटलो असं मात्र नाही. हे इंजिन त्या लोकांनी पहिल्या फटक्यातच इतकं चोख केलं की पुढे कित्येक दशकं त्याचा तोंडवळा फारसा बदललाच नाही. शिवाय राजकोटच्या कारागिरांनी तोच नमुना उचलला आणि तशीच इंजिनं हजारोंनी पाडली. त्यामुळे समोरचं इंजिन १९३५ साली डर्स्लीत जन्मलं की १९७५ साली राजकोटला, हे नुसत्या चेहऱ्यावरून सांगणं अवघड. शहाण्या माणसानं एखादी वस्तू इतकी चांगली करू नये की ती पन्नास वर्षं बदलावीच लागणार नाही. पुढच्या पिढीला तिचं वय काढताना त्रास होतो.

त्यात आमच्या भागाला स्वतःचा अभिमान आहे. गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी इंजिनाकडे न बघताच निकाल दिला. “कूपर! आपलं सातारा रोडचं!” धनजीशा कूपर यांचा कारखाना आमच्या तालुक्यातलाच, १९२२ साली नांगरांपासून सुरू झालेला, तिसाच्या दशकात डिझेल इंजिनांकडे वळलेला. कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते, हेही मास्तरांनी सांगितलं आणि त्यामुळे इंजिनाचा दर्जा वाढल्यासारखं तोंड केलं. तेवढ्यात सांगलीकडची सोयरीक असलेल्या एकानं किर्लोस्करांचा पक्ष घेतला. “किर्लोस्करवाडी १९१०ची आहे मास्तर! हे तिथलं, १९१५चं तरी असणार.” मास्तर म्हणाले, “ते नांगर. ऑईल इंजिनांचा कारखाना खडकीला निघाला १९४६ साली.” त्यावर तो गृहस्थ म्हणाला, “मग नांगराला चाकं लावली असतील.” दोघंही इंजिनघरापर्यंत एकदाही आले नाहीत. इंजिन पाहिल्यानं मत डळमळीत होतं, असा त्यांचा अनुभव असावा.

पारावरच्या म्हाताऱ्यांकडे पंचांग वेगळं आहे. तिथे सन चालत नाही, संकट चालतं. मानमोडीची साथ, चलेजाव, भूकंप, बहात्तरचा दुष्काळ. या चार खुंट्यांना सगळं आयुष्य टांगलेलं. एक जण म्हणाले, इंजिन मानमोडीच्या वर्षी आलं. मानमोडी १९१८ची; तेव्हा आमच्या आजोबांचं वय चार होतं. “मग त्यांच्या वडिलांनी आणलं असेल,” ते म्हणाले. पणजोबा त्याच मानमोडीत गेले होते, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे आणलं आणि गेले.” दुसऱ्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की प्रतिसरकारच्या काळात भूमिगत कार्यकर्ते याच इंजिनाच्या आडोशाला रात्रभर लपले होते. आमच्या जिल्ह्यात भूमिगतांनी जितक्या ठिकाणी रात्र काढल्याचं सांगतात, तितक्या रात्री त्या चार वर्षांत नव्हत्या. तिसऱ्यांनी मात्र पुरावा दिला. “कट्ट्याला चीर गेलीय बघ. ती कोयनेच्या भूकंपाची. म्हणजे इंजिन त्या आधीचं.” ११ डिसेंबर १९६७. ही तारीख पक्की, चीरही पक्की. मी हरखलो. घरी येऊन सांगितलं, तर गडी म्हणाला, “ती चीर व्हय? ती मागल्या वर्साला टॅक्टर मागं घेताना गेली.”

मग मिस्त्री आले. आमच्या पंचक्रोशीतली निम्मी इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी पान्ह्यांची पिशवी खाली ठेवली, सिलिंडरच्या हेडवर तळवा ठेवून डोळे मिटले आणि एका नटाला पान्हा लावला. “पाच सुती,” ते म्हणाले. “इंची माल हाय.”

मला आनंद झाला. इंची आट्यांचं माप जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली बांधून दिलं आणि साऱ्या ब्रिटिश साम्राज्याचे नटबोल्ट त्या मापात आवळले गेले. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ साली. म्हणजे इंजिन छप्पन्नच्या आधीचं!

“तसं काय न्हाय मालक,” मिस्त्री म्हणाले. “कायदा दिल्लीत झाला. हितं अजून बी दुकानात जाऊन चार सूत, पाच सूतच मागत्यात.”

“मग पंप बघा.” तेलाच्या पंपावर ‘मायको’ असं स्पष्ट वाचता येत होतं. मायको कंपनी बंगळूरला १९५१ साली निघाली, म्हणजे इंजिन त्यानंतरचं.

“पंप म्या घातलाय. जुना गेला व्हता.”

“आणि हेड?”

“हेड सत्त्याहत्तरला बदाललं. लायनर, पिष्टन, रिंगा दोनदा. चाक एक हितलं, एक रहिमतपूरच्या इंजनाचं. कनेक्टिंग रॉड तुमच्या वडलांनी लिलावात आणला. नोझल तर चहाच्या कपावानी फुटत व्हती.”

“मग या इंजिनात मूळचं काय आहे?”

मिस्त्रींनी बराच वेळ विचार केला. “आवाज, मालक,” ते म्हणाले. “पर त्यो बी आता बंद हाय.”

आवाज ऐकला तर मी साल सांगतो, असं त्यांनी वर जोडलं, आणि इथे आमची मती फिरली. इंजिन चालू करायचं ठरलं. पुण्याचे गृहस्थ मुद्दाम आले. बापू परीटघडीचा पांढरा लेंगा-शर्ट घालून आला. अर्ध्या मालकाला शोभेल असा. मिस्त्रींनी टाकीत डिझेल ओतलं, वंगण बदललं, कुठले कुठले व्हॉल्व्ह पुसले. हँडल माझ्या हातात आलं, कारण बाकी सगळे सल्लागार होते. रीत अशी की आधी वरची खिट्टी उचलून दाब मोकळा करायचा, हँडल गरगर फिरवून चाकांना वेग द्यायचा, आणि ‘सोडा’ म्हटलं की खिट्टी पाडायची. आजोबा हे एका हातानं करायचे, दुसऱ्या हातात विडी असायची. मी दोन्ही हातांनी फिरवलं. चाकं हलली तेव्हा वैरणीचा भारा माझ्या अंगावर आला. तरी फिरवलं. मिस्त्री ओरडले, “सोडा!” मी हँडल सोडलं. त्यांना खिट्टी म्हणायची होती.

हँडल निसटून मिस्त्रींच्या पिशवीत जाऊन पडलं, खिट्टी कुणी तरी पाडली, आणि त्या इंजिनानं आपल्या निवृत्तीच्या काळातला एकुलता एक ठोका दिला. फट्! सायलेन्सरमध्ये वर्षानुवर्षं साचलेली काजळी, उंदरांनी नेलेला कापूस आणि एक अख्खा मोजा बाहेर पडून थेट बापूच्या छातीवर गेला. पुण्याचे गृहस्थ टाळ्या वाजवून “वा! ऑथेंटिक!” म्हणाले. बापूनं शर्टाकडे बघून सांगितलं, “काजळी आठ आणे आमची, मान्य. पण मोजा तुमचा आहे.”

“कळलं का साल?” मी मिस्त्रींना विचारलं.

“एका ठोक्यावर कसं कळंल? निदान पाच मिनिटं चालाय पायजे.”

ते काही पुन्हा चालायला तयार झालं नाही. मग मी रॉकेलची बाटली आणि तारेचा ब्रश घेऊन बसलो. कारण पट्टी गेली तरी नंबर कुठे तरी ठोकलेला असतो, असं कळलं होतं. घासायला लागलो तर रंगाखाली रंग निघत गेला. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. आजोबा त्या आधी इंजिनाला रंगाचा हात देत. वर निळा, त्याखाली हिरवा, मग लाल, पुन्हा हिरवा, मग कसला तरी करडा. एका थराला एक वर्ष धरून मोजावं, असा मी बेत केला, पण आजोबा ज्या वर्षी गुळाला भाव मिळे त्याच वर्षी रंग आणत. म्हणजे ते थर इंजिनाच्या वयाचे नव्हते, गुळाच्या तेजीचे होते. ते मोजून एवढंच कळलं की आमच्या घरात तेजी फारशी आली नाही.

शेवटी चाकाच्या कडेला आकडे उमटले. सहा, पाच, शून्य. मी ओरडलो. मिस्त्रींनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “मिनिटाला साडेसहाशे फेरे. त्येचा येग हाय त्यो.” पुन्हा घासलं. बाजूला चार आकडी साल लागलं! १९... ८... पुढचा आकडा तीन. त्याच्याखाली अक्षरं होती. रॉकेलचा आणखी एक बोळा फिरवला तेव्हा ‘कपिल’ असं नाव निघालं. विश्वचषक जिंकला त्या आठवड्यात बापूनं छिन्नीनं कोरलेलं. “बघ,” बापू म्हणाला, “त्र्याऐंशी सालापासून माझी वहिवाट आहे.”

वहिवाट हा शब्द निघाल्यावर कागदपत्रांकडे जाणं भागच होतं. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. तिथे माणसाची कर्जं फिटल्यानंतरही सुखानं राहतात. आमच्या उताऱ्यावर तिथे तगाईचा बोजा होता. इंग्रजांनी १८८३ आणि १८८४ साली कायदे करून शेतकऱ्याला विहिरीसाठी, बियाण्यासाठी, बैलांसाठी तगाई द्यायची सोय केली. स्वराज्यात ती इंजिनासाठीही मिळू लागली. मी जुना फेरफार काढवला. बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं: ऑईल इंजिन खरेदीकामी तगाई, सन १९६१.

एकसष्ट! वाटणीनंतर तीन वर्षांनी. किंमत पडली, पण इंजिन संपूर्ण आमचं झालं. मी कागद बापूपुढे ठेवला. त्यानं तो वाचला, घडी घातली आणि शांतपणे विचारलं, “तगाई इंजिनासाठी काढली हे लिहिलंय. इंजिनासाठी वापरली हे कुठे लिहिलंय?”

“म्हणजे?”

“अरे, विहिरीच्या तगाईत गावात किती विहिरी झाल्या आणि किती लग्नं झाली? आजोबांनी एकसष्टच्या तगाईत आत्याचं लग्न केलं. इंजिन आधीचंच आहे.”

घरात शांतता पसरली. कारण हे म्हणणं खोटं वाटण्याजोगं नव्हतं. आता उरला एकच साक्षीदार: खुद्द आत्या. तिची स्मरणशक्ती अशी की कुणाच्या बारशात कुणी कोणतं कुंची-टोपडं दिलं, ते कुठल्या दुकानातलं होतं आणि त्याला किती पैसे कमी पडले, हे ती झोपेत सांगेल. तिच्या लग्नात वऱ्हाडाच्या अंघोळीला कुठलं पाणी होतं, एवढंच विचारायचं होतं. इंजिन असेल तर गरम पाणी फुकट मिळतं. सिलिंडर थंड करून बाहेर पडणाऱ्या त्या वाफाळत्या धारेखाली आमच्या मळ्यात पिढ्यांनी अंघोळी केल्या आहेत.

“होतं की गरम पाणी,” आत्या म्हणाली. “विहिणीनं तक्रार केली होती, पाण्याला तेलाचा वास येतो म्हणून.”

बापूचा चेहरा उजळला. “म्हणजे लग्नाआधी इंजिन होतं! आणि लग्न एकसष्टचं.”

“कुणी सांगितलं एकसष्टचं?” आत्या ताठ झाली. “माझं लग्न भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी. अडुसष्ट.”

आता इथे खोच होती. मागच्या वर्षी आम्ही आत्याची पंच्याहत्तरी केली होती. पंचाहत्तर दिवे, पेढ्यांची तुला, शाल, सगळं. त्या हिशेबानं तिचा जन्म १९४९चा. लग्न एकसष्टला धरलं तर नवरी बारा वर्षांची होत होती आणि आजोबांना शारदा कायद्याखाली आत घालावं लागलं असतं. लग्न अडुसष्टला धरलं तर नवरी एकोणीसची, कायदाही खूश, आत्याही खूश. फक्त तिचा थोरला मुलगा, जो चौसष्टमध्ये जन्मला, त्याचं काय करायचं ते समजत नव्हतं. त्याच्या निवृत्तीचे पेढे आम्ही खाल्ले होते. कुणी त्याचं नाव काढलं नाही. आत्याचा मुलगा स्वतः तिथे होता. त्यानंही काढलं नाही.

त्या क्षणापासून इंजिन बाजूला राहिलं आणि घराचे दोन तट पडले. आमच्या बाजूला आत्या तरुण हवी होती, बापूच्या बाजूला म्हातारी. इतके दिवस “आत्याला आता होत नाही गं” म्हणणारी आमची ही अचानक “आत्यांकडे बघा, साठीच्या तरी वाटतात का?” म्हणायला लागली. बापू तिच्या पाया पडताना “ऐंशी पार केलीत, अजून आशीर्वाद हवेत” असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणू लागला. तो शाळेत जाऊन तिचा दाखलाही पाहून आला. जन्मतारीख १ जून. त्या पानावर सगळ्याच मुलांची जन्मतारीख १ जून होती. गुरुजींनी एका बैठकीत अख्खा वर्ग जन्माला घातला होता. सालाच्या जागी वाळवीनं आत्याची बाजू घेतली होती. मग बापूनं शेवटचं अस्त्र काढलं: आत्यानं भावांच्या नावे दिलेलं हक्कसोडपत्र. त्यात वय लिहावंच लागतं. सगळे वाकले. लिहिलं होतं: ‘वय सज्ञान, धंदा घरकाम.’

“बरोबर आहे,” आत्या म्हणाली. “तेवढंच आहे माझं वय. अजूनही.”

तिला खरं साल पाठ होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. इंजिन कुठल्या वारी उतरलं, बैलगाडीचं कोणतं चाक मोडलं, आजोबांनी नारळ कुठला फोडला, हे सगळं ती सांगत होती. साल आलं की तिला पाणी प्यायला जावंसं वाटे. तिच्या एका आकड्यावर आमचा वाद मिटला असता. पण तो आकडा दिला की दुसरा आपोआप बाहेर पडत होता. आणि भाऊबंदकी मिटावी म्हणून आपलं वय उघड करील, इतका त्याग आमच्या घरात कुणी कधी केलेला नाही.

शेवटी पुण्याच्या गृहस्थांचाच धीर संपला. त्यांनी दोन्हींच्या मधला एक आकडा सांगितला, तो आम्ही आणि बापूनं निम्मा-निम्मा वाटून घेतला आणि आत्याला त्यातून एक पैठणी झाली. क्रेन आली, इंजिन गेलं. वर्षभरानं पर्यटन केंद्राच्या उद्घाटनाला आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. इंजिन लाल-पिवळ्या रंगात चमकत होतं. समोर संगमरवरी पाटी: ‘आमच्या वाडवडिलांचं विलायती इंजिन, सुमारे १९२०.’ म्हणजे डर्स्लीच्या कारखान्याला हे इंजिन सुचण्याच्या नऊ-दहा वर्षं आधीच ते आमच्या मळ्यात उसाला पाणी देत होतं. मी पाटीकडे बोट केलं. गृहस्थ हळूच म्हणाले, “लोकांना जुनंच आवडतं हो.” बापू अभिमानानं म्हणाला, “घराणंच तसं आहे आमचं.”

आत्या पैठणी नेसून इंजिनाशेजारच्या खुर्चीवर बसली होती. एक शहरी मुलगी तिच्याजवळ आली. “आजी, हे तुमच्या लग्नाच्या वेळचं का हो?”

“छे गं,” आत्या म्हणाली. “माझ्या आजीच्या लग्नातलं.”